रात्री अंगणात टेबलं मांडायची, तर परवानगी कोणाची?

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत माणूस हॉटेलात जेवायला निघतो तोच मुळी रात्री आठनंतर. दिवसभर 44-45 अंशांत तापलेले पत्रे रात्री दहापर्यंत निवत नाहीत, आणि नवतपा सुरू झाला की कूलरसुद्धा गरम हवाच फेकतो. त्यामुळे गावातलं भोजनालय असो की फाट्यावरचा ढाबा, मालक टेबलं-खुर्च्या बाहेर काढतो, दोन-चार बाजा टाकतो, बांबूला वायर गुंडाळून दिवे लावतो आणि अंगणातच वाढायला लागतो. यासाठी काही परवानगी लागत असेल हे त्याच्या मनातही येत नाही. येतं तेव्हा अकरा वाजता पोलिस दारात उभा असतो, नाहीतर ग्रामपंचायतीची नोटीस हातात पडलेली असते. मग तालुक्याच्या सेतू केंद्रात प्रश्न येतो, "साहेब, याचं लायसन कुठं भेटते?"

या नावाचं एकच लायसन कुठंच मिळत नाही. टेबल कोणाच्या जागेवर आहे हे एक कायदा पाहतो, दुकान किती वाजेपर्यंत उघडं हे दुसरा, गाणं किती वाजेपर्यंत हे तिसरा, ग्लासात काय आहे हे चौथा. प्रत्येकाचं कार्यालय वेगळं आणि साहेबही वेगळा. बहुतेक मालक धसका घेतात तो घड्याळाचा. प्रत्यक्षात जेवणाच्या वेळेवर कायदा फारसा अडून बसत नाही. अडतं ते जमिनीवर, आणि त्याखालोखाल स्पीकरवर.

आधी घड्याळाचंच पाहू. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तीचे विनियमन) अधिनियम, 2017 हा कायदा 19 डिसेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या 1948 च्या कायद्यात दुकानं आणि खाणावळी उघडण्या-मिटण्याच्या वेळा बांधलेल्या होत्या. नव्या कायद्याने ते बंधन काढलं. आस्थापना वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालू ठेवता येते. अट एवढीच की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग 24 तासांची सुटी मिळाली पाहिजे. दारू देणारी ठिकाणं या मोकळिकीत येत नाहीत, त्यांच्या वेळा सरकार स्वतंत्रपणे ठरवतं. तरीही साध्या खाणावळीसुद्धा रात्री बंद करायला लावतात अशा तक्रारी येत राहिल्या, म्हणून 1 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारने हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. तो शासन निर्णय छापून गल्ल्याच्या खणात ठेवावा. भांडायला नव्हे, दाखवायला.

याचा अर्थ पोलिस काहीच म्हणू शकत नाहीत असा नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 प्रमाणे ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, सार्वजनिक ठिकाणांबाबत नियम करू शकतात. गणपती-दुर्गा विसर्जन, निवडणूक, एखाद्या गावातला तणाव अशा वेळी जमावबंदीचे आदेश निघतात, आणि ते पाळावेच लागतात. पण असा आदेश कागदावर असतो, त्याला तारीख असते, तो अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत असतो. "भाऊ, आदेश कोणत्या तारखेचा आहे, मला वाचायला मिळंल का?" एवढं नम्रपणे विचारण्यात गैर काही नाही. आदेश असेल तर पाटी उलटी करायची. नसेल तर बहुतेक वेळा खरी तक्रार वेगळीच निघते: शेजारच्या घरात आजारी म्हातारं माणूस आहे, किंवा गिऱ्हाइकांच्या मोटारसायकलींनी गल्ली अडली आहे.

कामगार कमी असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणीची कटकटही नाही. 2017 च्या कायद्यात ही रेषा दहा कामगारांची होती, पुढे ती आणखी वर सरकली. त्याखालच्या छोट्या खाणावळींनी धंदा सुरू केल्याची सूचना ऑनलाईन द्यायची, की पावती मिळते. मात्र रात्रीच्या कामाला दोन कडक रेषा आहेत. कायद्याच्या पूर्ण कक्षेत येणाऱ्या आस्थापनेत रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि घरी पोचवण्याची सोय हवी. आपल्याकडे भाकरी थापायला बहुधा बायाच असतात, तेव्हा कामगार चार असले तरी हा नियम स्वतःहून पाळावा. रात्री अकराला तिला एकटीला वावरातल्या वाटेनं पाठवणं कोणत्याही हिशेबात बसत नाही. दुसरी रेषा पोरांची. चौदा वर्षांखालच्या मुलाला ढाब्यावर कामाला ठेवायचंच नाही, आणि 14 ते 18 मधल्याला संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत काम देता येत नाही. म्हणजे रात्रीच्या अंगणात ग्लास उचलणारा नोकर पोट्टा हा प्रकार कायद्यात कुठेच बसत नाही.

आता जागा. गावठाणात घर आहे, घरापुढे अंगण आहे आणि ते ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये (कर आकारणीच्या नोंदवहीत) तुमच्या नावावर आहे, तर त्या अंगणात टेबल ठेवायला रस्त्याची परवानगी लागत नाही. गडबड होते ती अंगण कुठं संपतं हेच कोणाला ठाऊक नसल्यामुळे. ओटा वाढत जातो, ओट्यापुढे शेड येते, शेडपुढे बाज. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 53 नेमकं याच्यासाठी आहे. सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर ओटा, पायरी, कुंपण, पडवी, टपरी असं काहीही उभारलं तर तो अडथळा किंवा अतिक्रमण. पंचायत ते काढू शकते आणि दंडही होतो. पोलिसांच्या हातात भारतीय न्याय संहितेचं कलम 285 आहे, सार्वजनिक वाटेत अडथळा केल्याचं, 5,000 रुपयांपर्यंत दंडाचं. हातगाडीवाल्यांवर पूर्वी भारतीय दंड संहितेचं 283 लागायचं, तेच हे. रोज रात्री टेबलं आत उचलून नेतो, म्हणजे अतिक्रमण नाही, असं अनेकांना वाटतं. कलम 285 बांधकाम मागत नाही. तासभर वाट अडली तरी पुरे.

इथे एक खास गावाकडची मेख आहे, जी शहरातल्या हॉटेलवाल्याला माहीतही नसते. भोजनालयाच्या घरातलं कोणी ग्रामपंचायत सदस्य किंवा सरपंच असेल, तर सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणामुळे ते पदच जाऊ शकतं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये तशी अपात्रता आहे, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या अतिक्रमित जागेत राहणाऱ्या सदस्यालाही ती लागू केली. विरोधी गट निवडणुकीनंतर पहिल्यांदा मोजपट्टी घेऊन कुठं जातो, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. तीन टेबलं रस्त्यावर टाकण्याच्या नादात सरपंचपद घालवणं हा फारच महागडा सौदा आहे.

दुसरा प्रकार फाट्यावरच्या ढाब्याचा. नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44, किंवा देवरी-साकोली-भंडारा-नागपूर-अमरावती-अकोला असा जाणारा 53. या रस्त्यांच्या कडेला वावर असलं की ढाबा सुचतोच. पण वावर तुमचं असलं तरी रस्त्याची हद्द तुमची नाही. राष्ट्रीय महामार्गालगत मोकळ्या भागात साधारण नियम असा की रस्त्याच्या मध्यापासून 40 मीटरच्या आत बांधकाम नको आणि 75 मीटरपर्यंतचं बांधकाम नियंत्रणाखाली. महामार्गावरून ढाब्यात गाड्या वळवायला वाट काढायची तर महामार्ग प्रशासनाची परवानगी वेगळी. राज्य महामार्ग आणि जिल्हा रस्त्यांची अंतरं कमी आहेत. ती सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयातून लेखी घ्यावी, तोंडी घेऊ नये. बाजा सगळ्यात पुढे, अगदी डांबराला लागून टाकायची आपली सवय आहे, कारण जाणाऱ्या ट्रकवाल्याला दिसलं पाहिजे. कायद्याचं सोडा, रात्री झोपेत असलेल्या ड्रायव्हरचं चाक तिथंच उतरतं.

वावरात ढाबा म्हणजे शेतजमिनीचा बिगरशेती वापर. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये कलम 44 अकृषक परवानगीचं आहे आणि कलम 45 विनापरवानगी वापराच्या दंडाचं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला कलम 42-ड मुळे बरीच सवलत मिळाली होती: रूपांतरण कर आणि अकृषक आकारणी भरली की राहण्यासाठी, किंवा विकास आराखड्यात बसणाऱ्या वापरासाठी, ती अकृषक झाली असं मानलं जायचं. म्हणून ढाब्याचा विचार डोक्यात आला की पहिला फेरा तलाठी कार्यालयाचा मारावा (आता पाटीवर ग्राम महसूल अधिकारी लिहिलेलं असतं), आणि सातबारावर भोगवटादार वर्ग 1 (मोकळ्या मालकीची जमीन) आहे की 2 (सरकारी अटींची) हे पाहावं. वर्ग 2 असेल, किंवा जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, असेल, तर अटी वेगळ्या आणि वाट लांबची. सातबारा न पाहता आधी किचन बांधून मोकळे होणारे लोक मी बरेच पाहतो. पुढे बँकेचं कर्ज, गॅसचं व्यावसायिक कनेक्शन, दारूचा परवाना, जे काही मागायला जातील तिथं हाच कागद आडवा येतो.

ग्रामपंचायतीच्या "ना हरकत" दाखल्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. पंचायतीला हरकत नाही, एवढंच तो दाखला सांगतो. त्याने महामार्गाची हद्द तुमची होत नाही, शेतजमीन अकृषक होत नाही आणि रात्रीचा स्पीकरही कायदेशीर होत नाही. गाव नगर पंचायत झालं असेल तर मात्र चित्र बदलतं. तिथे 1965 चा नगरपरिषदांचा कायदा लागतो, आणि पथविक्रेत्यांसाठीचा 2014 चा कायदाही. विदर्भातली कितीतरी तालुक्याची गावं आता नगर पंचायती आहेत, तेव्हा आपण कोणाच्या हद्दीत आहोत हे आधी तपासायचं.

आवाजाचा नियम सगळ्यात स्पष्ट आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे रात्र म्हणजे 10 ते 6. या वेळेत स्पीकर आणि वाद्यं फक्त बंदिस्त जागेत चालतात, उदाहरणार्थ सभागृहात. अंगण ही बंदिस्त जागा नाही. चार बाजूंनी हिरवी नेट बांधली तरी नाही. म्हणजे साडेदहाला अंगणात वडाभात वाढणं चालतं, साडेदहाला अंगणात गाणं चालत नाही. दहाच्या आधीही मोकळीक नाही: रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, व्यापारी भागात 65 आणि 55 ही मर्यादा आहे, आणि दवाखाना, शाळा किंवा कोर्ट यांच्या भोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र. सणावारासाठी राज्य सरकार वर्षात 15 दिवस मध्यरात्रीपर्यंतची सूट देऊ शकतं, पण ती सूट सार्वजनिक सण-उत्सवांची आहे; एखाद्याच्या वाढदिवसाच्या पार्टीला ती लावता येत नाही. शेजाऱ्याने 112 ला फोन केला की गाडी येते, आणि आली की स्पीकरपासून सुरू झालेली चौकशी जागेच्या कागदापर्यंत पोचते.

दारूचं प्रकरण विदर्भात जरा जास्तच गुंतागुंतीचं. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे. गडचिरोलीत बंदी 1993 पासून आहे. चंद्रपुरात 2015 ला बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. यवतमाळ, नागपूर, अमरावतीत परवान्याने मिळते. म्हणजे एकाच रस्त्यावर दहा-वीस किलोमीटरच्या अंतराने कायदा बदलतो. पण सगळीकडे सारखी एक गोष्ट आहे. तुमच्याकडे परवाना नाही, गिऱ्हाईक खिशातून क्वार्टर काढतं, तुम्ही फक्त पाणी, ग्लास आणि शेंगदाणे देता. "आपण काही विकत नाही ना" हा बचाव चालत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 चं कलम 68 सार्वजनिक मद्यपानाचं ठिकाण चालवणाऱ्याला धरतं, आणि कलम 84 तिथं बसून पिणाऱ्याला. राज्य उत्पादन शुल्क विभाग ढाब्यांवर छापे घालतो ते याच कलमांखाली, आणि अंधारात टाकलेली मागची बाज त्यांना आधी दिसते.

परमिट रूमचा एफएल-3 परवाना घ्यायचाच असेल, तर तो मंजूर नकाशातल्या जागेपुरता असतो. नकाशात हॉल आहे आणि दारू अंगणात वाढली जातेय, तर परवाना असूनही उल्लंघन. शिवाय डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली. मार्च 2017 मध्ये 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांसाठी ते अंतर 220 मीटर केलं. आपली बहुतेक गावं याच दुसऱ्या गटात येतात. आणि हे सगळं जमलं तरी गावातल्या बाया आहेतच: एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूनं, मत दिलं की परवाना बंद. माझं मत विचाराल तर गावातल्या घरगुती भोजनालयानं या भानगडीत पडूच नये. सावजी रस्सा आणि गरम भाकरी यांवर चालणारी खाणावळ मला जास्त टिकलेली दिसते.

खाण्याच्या परवान्याचं थोडक्यात सांगतो, कारण हे बहुतेकांना माहीत आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 खाली नोंदणी किंवा परवाना हवाच, तो ऑनलाईन निघतो. 2011 च्या नियमावलीत वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी होती आणि तिची फी वर्षाला 100 रुपये. क्रमांक 14 आकडी असतो. तो गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा. अंगणासाठी वेगळा परवाना नाही, पण उघड्यावर वाढताना झाकण, हात धुण्याची सोय आणि पिण्याचं स्वच्छ पाणी यांकडे तपासणी अधिकारी जास्त बघतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवती जी पाखरं जमतात ती थेट वरणात पडतात, तेव्हा दिवा ताटावर टांगण्यापेक्षा अंगणाच्या कडेला लावलेला बरा.

दिव्यावरून वीज आली. शेतातल्या मोटारपंपाच्या कनेक्शनवरून ढाब्याचे हॅलोजन चालवणं ही आपल्याकडची सर्रास गोष्ट. वीज कायदा, 2003 च्या कलम 126 मध्ये तो अनधिकृत वापर ठरतो, आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. कधीपासून वापर सुरू होता हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. घराच्या मीटरवर ढाबा चालवला तरी हेच. व्यावसायिक जोडणी महाग पडते खरी, पण हे बिल एकदा आलं की वर्षभराची बचत त्यातच जाते.

गॅसचा नियम सरळ आहे. घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर धंद्यात वापरता येत नाही, 19 किलोचं व्यावसायिक घ्यावं लागतं. भरलेल्या सिलिंडरांचा साठा 100 किलोच्या वर गेला की वेगळा परवाना लागतो, म्हणजे 19 किलोची पाच ठेवली तर 95 किलो, सहावं आणलं की नियमाबाहेर. आगीचं मात्र गांभीर्यानं घ्या. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली आणि 14 जण गेले. वरचं छप्पर पटकन पेटणारं होतं. आपल्या अंगणातला बांबू, ताडपत्री आणि तुराट्यांचा मांडव त्याहून वेगळा नाही. मांडव चुलीपासून आणि वायरींपासून लांब ठेवायचा, बाहेर पडायला दोन वाटा सोडायच्या. जिल्ह्याच्या गावातली अग्निशमन गाडी तुमच्या फाट्यावर पोचायला किती वेळ लागतो हे तुम्हालाच ठाऊक.

ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर किंवा नवेगाव-नागझिरा यांच्या जवळ जागा असेल तर आणखी एक कागद पाहावा लागतो: त्या जंगलाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना. त्यात हॉटेलं, नवीन बांधकाम, रात्रीची वाहतूक आणि आवाज यांवर निर्बंध असतात, आणि आपला गट नंबर त्या क्षेत्रात येतो का हे वन विभागाच्या कार्यालयात कळतं. उष्टं अन्न अंगणामागे फेकलं की पहाटे रानडुकरं येतात, कधी अस्वलही. तो ढीग रात्रीच खड्ड्यात पुरायचा, सकाळवर टाकायचा नाही.

अर्ज करताना क्रम असा ठेवला तर हेलपाटे वाचतात: आधी जमिनीचा कागद, मग रस्त्याची हद्द, मग अन्न नोंदणी आणि दुकानाची सूचना, मग वीज-गॅस; दारूचा विचार असेल तर तो सगळ्यात शेवटी. ज्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित आहेत, त्यांना मुदत ठरलेली असते, आणि "आपले सरकार" पोर्टलवर अर्ज केला की क्रमांकासह पोच मिळते. ती पोच जपून ठेवायची. मुदतीत काम झालं नाही, किंवा कारण न देता अर्ज परत आला, तर त्याच विभागातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याच्या वर दुसरं, आणि तिसरं राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विदर्भासाठी आयोगाची कार्यालयं नागपूर आणि अमरावती इथं आहेत, मुंबईला जावं लागत नाही.